आहारविकार : तज्ज्ञाचा शोध आणि उपचारांची वाट

ताटातील अन्न दिवसेंदिवस कमी होत जाते. डबा शाळेतून भरलेलाच परत येतो. घरच्यांसोबत जेवायला बसणे टाळले जाते किंवा जेवण संपताच न्हाणीघराचे दार बराच वेळ बंद राहते. घरात हे प्रथम खाण्याचे नखरे, परीक्षेचा ताण किंवा वयाचा परिणाम म्हणून सोडून दिले जाते. पुढे पाळी बंद झाली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, पोट दुखते म्हणून पोटविकारतज्ज्ञाकडे, केस गळतात म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडे फेऱ्या सुरू होतात. मूळ दुखणे खाण्याशी निगडित मानसिक विकाराचे आहे, हे लक्षात येईपर्यंत अनेक महिने, काही वेळा वर्षेही निघून जातात.

आहारविकार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्याधींवर परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत आणि ते जितके लवकर सुरू होतील तितके बरे होण्याची शक्यता अधिक असते. भारतात केवळ आहारविकारांसाठी वाहिलेले विभाग मोजकेच असून तेही बहुतांशी महानगरांत आहेत. त्यामुळे या विषयातील खास तज्ज्ञ सापडेपर्यंत थांबण्याची चूक अनेक कुटुंबांकडून होते. प्रत्यक्षात उपचारांची सुरुवात जवळच्या डॉक्टरांकडील शारीरिक तपासणीपासून होऊ शकते. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांची जोड त्यानंतर देता येते.

विकारांचे प्रकार

आहारविकारांमध्ये प्रामुख्याने चार व्याधींचा समावेश होतो. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा या विकारात व्यक्ती खाणे इतके कमी करते की वजन धोकादायकरीत्या घटते आणि तरीही वजन वाढण्याची भीती तिला सोडत नाही. बुलिमिया नर्व्होसा या विकारात थोड्या वेळात अनियंत्रितपणे खूप खाणे आणि त्यानंतर उलटी, जुलाबाची औषधे, उपवास किंवा अतिव्यायाम यांद्वारे ते ‘भरून काढण्याचा’ प्रयत्न करणे, असे चक्र चालते. बिंज इटिंग विकारात अनियंत्रित खाण्याचे प्रसंग येतात, त्यानंतर तीव्र अपराधी भावना ग्रासते; मात्र उलटीसारखे उपाय नियमितपणे केले जात नाहीत. चौथ्या प्रकारात वजनाची भीती नसते. अन्नाचा पोत, वास, घशात अडकण्याची धास्ती किंवा खाण्यातच रस नसणे या कारणांनी आहार इतका मर्यादित होतो की पोषण आणि वाढ खुंटते. हा प्रकार विशेषतः लहान मुलांमध्ये दिसतो.

अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव इंग्लंडमधील वैद्य विल्यम गल यांनी १८७३ मध्ये वापरले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये शार्ल लासेग यांनीही याच व्याधीचे वर्णन केले होते. बुलिमिया नर्व्होसाचे स्वतंत्र वर्णन ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केले. बिंज इटिंगला अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र विकार म्हणून २०१३ मध्ये स्थान मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात या चारही विकारांची नोंद आहे.

हे विकार केवळ सडपातळ, शहरी, सधन घरांतील मुलींना होतात, हा समज चुकीचा आहे. ते मुलांना आणि पुरुषांनाही होतात. खेळाडू, नर्तक आणि व्यायामशाळेत शरीर कमावणाऱ्यांमध्येही आढळतात. बुलिमिया किंवा बिंज इटिंग असलेल्या व्यक्तीचे वजन सामान्य किंवा अधिक असू शकते. स्थूल व्यक्तीचे वजन झपाट्याने घटले, तर भोवतालचे लोक तिचे कौतुक करतात आणि आजार त्या कौतुकाआड झाकला जातो. म्हणूनच केवळ शरीरयष्टी पाहून विकार आहे किंवा नाही, हे ठरवता येत नाही.

निदान का चुकते

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील मनोविकारतज्ज्ञांनी १९९५ मध्ये पाच तरुण स्त्रियांच्या आजाराची माहिती प्रसिद्ध केली होती. खाण्यास नकार, सततच्या उलट्या, वजनातील मोठी घट आणि पाळी बंद होणे ही लक्षणे त्यांच्यात होती; परंतु पाश्चात्त्य ग्रंथांत ठळकपणे वर्णन केलेली स्वतःच्या शरीराविषयीची विपरीत प्रतिमा त्यांच्यात आढळली नाही. ‘मला जाड व्हायचे नाही’ असे रुग्ण म्हणत नसेल, तरी आहारविकार असू शकतो, हे अशा नोंदींवरून भारतीय डॉक्टरांच्या ध्यानात आले. ‘पोट भरल्यासारखे वाटते’, ‘अन्न पचत नाही’, ‘घास गिळवत नाही’ अशा तक्रारींच्या रूपातही हा आजार समोर येतो.

उपवासाची परंपरा हे निदान लांबण्याचे आणखी एक कारण ठरते. आठवड्याचे वार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र किंवा चातुर्मासातील नेम यांमुळे न खाण्याला घरात सहज मान्यता मिळते. श्रद्धेने केलेला उपवास आणि आजारातून आलेला उपवास यांतील फरक पुढील बाबींवरून ओळखता येतो : उपवासांची संख्या अचानक वाढणे, उपवास सोडण्याच्या वेळी टाळाटाळ होणे, फराळाचे पदार्थही नाकारले जाणे आणि उपवास मोडावा लागल्यास अस्वस्थता किंवा चिडचिड होणे. उपचारांच्या काळात उपवास थांबवावेत, असा सल्ला डॉक्टर सर्वसाधारणपणे देतात.

पहिली पायरी शारीरिक तपासणीची

आहारविकाराची शंका येताच प्रथम कुटुंबाचे डॉक्टर, फिजिशियन किंवा मुलांच्या बाबतीत बालरोगतज्ज्ञ यांच्याकडे जाणे योग्य ठरते. अ‍ॅनोरेक्सियामध्ये मृत्यूचे प्रमाण मानसिक विकारांतील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे. उपासमारीचे हृदयावर होणारे दुष्परिणाम आणि आत्महत्या ही त्यामागची प्रमुख कारणे आहेत. म्हणून संवादाधारित उपचार सुरू होण्याआधी आणि ते चालू असतानाही शरीर सुरक्षित आहे की नाही, हे पाहावे लागते.

या तपासणीत वजन आणि उंची, आडवे असताना व उभे राहिल्यावर घेतलेला रक्तदाब आणि नाडी, शरीराचे तापमान, हृदयाचा आलेख, रक्तातील साखर, मूत्रपिंड व यकृताचे कार्य, तसेच पोटॅशियम, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम या क्षारांचे प्रमाण पाहिले जाते. वाढत्या वयातील मुलांच्या बाबतीत पूर्वीच्या वजन-उंचीच्या नोंदी विशेष उपयोगी पडतात. वर्षभरात वजन घटले नसले, तरी अपेक्षित वाढ थांबली असेल, तर तीही गंभीर बाब असते. क्षयरोग, थायरॉइडचे विकार, मधुमेह, सिलिअ‍ॅक रोग आणि आतड्याचे दाहजन्य आजार यांमध्येही वजन घटते. ते नाहीत याची खात्री करणे आवश्यक असते. मात्र एकामागून एक तपासण्या करण्यात महिने घालवून मानसिक बाजूकडे दुर्लक्ष होऊ नये. दोन्ही दिशांनी तपास एकाच वेळी होऊ शकतो.

रक्ताचा अहवाल सामान्य आला म्हणजे धोका टळला, असे नव्हे. शरीर दीर्घकाळ तडजोड करीत राहते आणि अहवाल बिघडेपर्यंत प्रकृती बरीच खालावलेली असू शकते. वारंवार उलट्या होत असल्यास पोटॅशियम अचानक घटून हृदयाच्या ठोक्यांमध्ये अनियमितता येऊ शकते. दातांवरील लुकण झिजणे आणि कानाखालील लाळग्रंथी सुजणे ही वारंवार होणाऱ्या उलट्यांची लक्षणे काही वेळा दंतवैद्याच्या नजरेस सर्वप्रथम पडतात.

पुढील स्थितीत बाह्यरुग्ण विभागातील भेटीची वाट न पाहता रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे : शुद्ध हरपणे किंवा वारंवार भोवळ येणे, छातीत दुखणे किंवा धडधड, कुमारवयीन मुलांमध्ये दिवसा जागेपणी नाडी मिनिटाला ५० पेक्षा कमी असणे, खाणे-पिणे जवळपास पूर्ण बंद होणे, उलटीतून रक्त येणे, बसलेले असताना हातांचा आधार घेतल्याशिवाय उठता न येणे, संभ्रम किंवा झटके येणे, तसेच आत्महत्येचे विचार बोलून दाखवणे. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या व्यक्तीने वजनाच्या भीतीने इन्सुलिन टाळणे हीदेखील तातडीची स्थिती आहे.

अनेक दिवस अत्यल्प खाल्लेल्या व्यक्तीला एकाएकी भरपूर अन्न देणेही धोक्याचे असते. अशा वेळी रक्तातील फॉस्फेट झपाट्याने खाली जाऊन हृदय, श्वसन आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो. या स्थितीला पुनर्पोषणजन्य लक्षणसमूह म्हणतात. त्यामुळे अशा रुग्णाचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रक्ततपासणीच्या आधारे वाढवावा लागतो.

पोषण हाही उपचारच

‘आधी मन ताळ्यावर येऊ द्या, मग ती आपोआप खाऊ लागेल’ अशी अनेकांची समजूत असते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये झालेल्या एका प्रयोगाने तिला छेद दिला. युद्धात शस्त्र हाती घेण्यास नकार देणाऱ्या ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने या प्रयोगात भाग घेतला. शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले. या काळात त्यांच्यात उदासीनता, चिडचिड, एकलकोंडेपणा, एकाग्रतेचा अभाव आणि अन्नाविषयीचा ध्यास ही लक्षणे दिसू लागली. काहींना पुढे खाण्यावर ताबा ठेवणे कठीण गेले. आहारविकाराच्या रुग्णांत दिसणारी अनेक लक्षणे ही उपासमारीचीच लक्षणे असतात, हे त्यावरून स्पष्ट झाले.

म्हणूनच आहार आणि वजन पूर्वपदावर आणणे हा उपचारांचा पाया मानला जातो. उपाशी मेंदूवर समुपदेशनाचा परिणाम मर्यादित राहतो. केवळ गप्पा होतात, पण वजन, नाडी आणि आहार यांची कोणीच नोंद घेत नाही, असे उपचार अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णासाठी अपुरे ठरतात.

मान्यताप्राप्त उपचारपद्धती

कुमारवयीन मुलामुलींमधील अ‍ॅनोरेक्सियासाठी कुटुंबाधारित उपचार ही सर्वाधिक पाठबळ असलेली पद्धत आहे. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात तिचा विकास झाला. या पद्धतीत दोष कोणाचा, याचा शोध घेतला जात नाही. पहिल्या टप्प्यात मुलाला काय, किती आणि केव्हा खायला द्यायचे, याची जबाबदारी आईवडील घेतात. दुसऱ्या टप्प्यात ती हळूहळू मुलाकडे परत सोपवली जाते. तिसऱ्या टप्प्यात अभ्यास, मैत्री, स्वावलंबन अशा वयानुरूप प्रश्नांकडे लक्ष वळवले जाते. साधारणपणे वर्षभरात १८ ते २० सत्रे होतात.

प्रौढांसाठी आहारविकारांकरिता खास बेतलेली बोधात्मक वर्तन उपचारपद्धती प्रामुख्याने वापरली जाते. ऑक्सफर्ड येथील ख्रिस्तोफर फेअरबर्न यांचे या क्षेत्रातील कार्य पायाभूत मानले जाते. नियमित वेळी खाणे, खाण्याची आणि त्या वेळच्या विचारांची नोंद ठेवणे, वजन व शरीर यांवरच स्वतःचे मोल ठरवण्याची सवय मोडणे, हे तिचे मुख्य भाग आहेत. बुलिमियासाठी साधारण २०, तर वजन फार घटलेल्या अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांसाठी सुमारे ४० सत्रे लागतात. ब्रिटनच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बुलिमिया आणि बिंज इटिंग असलेल्या प्रौढांसाठी प्रशिक्षित व्यक्तीच्या मार्गदर्शनाखाली केलेली स्वयंसाहाय्य योजना ही पहिली पायरी असू शकते. तज्ज्ञ दुर्मीळ असलेल्या ठिकाणी ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

औषधांची भूमिका मर्यादित आहे. बुलिमियामध्ये फ्लुऑक्सेटिन या औषधाचा उपयोग होतो. अ‍ॅनोरेक्सिया केवळ औषधाने बरा होत नाही. सोबत असलेल्या नैराश्य किंवा चिंताविकारासाठी औषधे दिली जाऊ शकतात. बुप्रोपिऑन हे नैराश्यावरील औषध अ‍ॅनोरेक्सिया आणि बुलिमियाच्या रुग्णांना देऊ नये, कारण त्यामुळे झटके येण्याचा धोका वाढतो. रुग्ण उलट्या करीत असल्याची माहिती डॉक्टरांपासून लपवू नये, यामागचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

कोणाकडे कोणते काम

मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीनंतर मानसोपचारशास्त्रात एम.डी., डी.एन.बी. किंवा पदविका घेतलेला डॉक्टर असतो. निदान करणे, औषधे लिहिणे आणि रुग्णालयात दाखल करण्याचा निर्णय घेणे ही त्याची कामे. त्याची नोंदणी राज्याच्या वैद्यक परिषदेकडे असते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजेच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसशास्त्रीय चाचण्या आणि संवादाधारित उपचार करतो. औषधे देत नाही. त्याची नोंदणी १९९२ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असणे आवश्यक असून परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव तपासता येते. समुपदेशक ही व्यापक संज्ञा असून या नावाने काम करणाऱ्यांच्या शिक्षणात मोठी तफावत आढळते. म्हणून पदवी, प्रशिक्षण आणि देखरेखीविषयी थेट विचारणे गैर नाही.

आहारतज्ज्ञाची निवडही विचारपूर्वक करावी लागते. भारतीय आहारशास्त्र संघटनेकडून ‘नोंदणीकृत आहारतज्ज्ञ’ ही मान्यता दिली जाते. ज्याचा सारा व्यवसाय वजन घटवण्याच्या योजनांवर चालतो, अशा व्यक्तीकडे आहारविकाराचा रुग्ण सोपवणे हानिकारक ठरू शकते. पदार्थांचे ‘चांगले’ आणि ‘वाईट’ असे वर्ग न पाडता नियमित, पुरेसा आणि घरात शिजणारा आहार पुन्हा सुरू करून देणे, हे येथे अपेक्षित असते.

तज्ज्ञ कोठे शोधावा

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतात आणि त्याच इमारतीत मेडिसिन व बालरोग विभागही उपलब्ध असल्याने संयुक्त उपचार शक्य होतात. मुंबईत केईएम, नायर, शीव आणि जे. जे. रुग्णालय तर पुण्यात ससून रुग्णालय ही त्याची उदाहरणे होत. ठाणे, पुण्यातील येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्य शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. गोव्यात बांबोळी येथील मनोविकार व मानवी वर्तन संस्था ही प्रमुख सरकारी संस्था आहे. महाराष्ट्राबाहेर बेंगळुरूची निम्हान्स, दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि इहबास, चंडीगढची पदव्युत्तर वैद्यकीय संस्था, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था यांचा आधार घेता येतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत देशातील सातशेहून अधिक जिल्ह्यांत सेवा पोहोचली असून जिल्हा रुग्णालयात चौकशी करता येते.

केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास आणि मराठीसह २० भाषांत उपलब्ध आहे. या सेवेतून प्राथमिक समुपदेशन मिळते आणि जवळच्या उपचारकेंद्राची माहिती घेता येते.

इंदूर, वडोदरा, हैदराबाद किंवा त्याहून दूर राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी भाषा हाही महत्त्वाचा मुद्दा ठरतो. भीती, लाज आणि राग मातृभाषेत सांगणे सोपे जाते आणि कुटुंबाधारित उपचारात तर आजी-आजोबांनाही सहभागी करून घ्यावे लागते. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केल्यानंतर दृक्‌श्राव्य माध्यमातून उपचार घेण्याचा मार्ग अधिक स्पष्ट झाला. मराठी बोलणारा तज्ज्ञ मुंबई-पुण्यात आणि वजन, नाडी व रक्ततपासणी राहत्या गावातील डॉक्टरांकडे, अशी विभागणी करता येते. मात्र दोघांनी एकमेकांना अहवाल कळवत राहणे आणि प्रकृती बिघडल्यास कोणत्या रुग्णालयात जायचे, हे आधीच ठरलेले असणे आवश्यक आहे.

पहिल्या भेटीत विचारावयाचे प्रश्न

आहारविकाराचे किती रुग्ण आजवर हाताळले आहेत? कोणती उपचारपद्धती वापरली जाते आणि तिचे प्रशिक्षण कोठे घेतले? वजन आणि रक्ततपासणी कोण पाहणार आणि किती दिवसांनी? कुटुंबाचा सहभाग कसा असेल? प्रगती होत आहे, हे कशावरून ठरवणार? प्रकृती खालावल्यास पुढची व्यवस्था काय? सत्राचे शुल्क किती आणि भेट रद्द झाल्यास नियम काय? हे प्रश्न विचारल्याने तज्ज्ञाचा अपमान होत नाही. अनुभवी व्यक्ती त्यांची सरळ उत्तरे देते.

‘या आजाराचे रुग्ण फार पाहिलेले नाहीत, पण शिकण्याची आणि वरिष्ठांचा सल्ला घेण्याची तयारी आहे’ असे सांगणारा मनोविकारतज्ज्ञ लहान शहरात उपयुक्त ठरू शकतो. उलट, थोड्या दिवसांत हमखास बरे करण्याचे आश्वासन, डॉक्टरांशी समन्वय ठेवण्यास नकार, स्वतःच्या भुकट्या किंवा पूरक गोळ्यांची विक्री, रुग्णाच्या शरीरावर शेरे मारणे आणि सारा दोष आईवर टाकणे, ही सावध होण्याची लक्षणे आहेत. काही आठवड्यांनंतरही खाण्यात कोणताच बदल दिसत नसेल आणि त्याविषयी चर्चाही होत नसेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

पहिल्या भेटीस जाताना वजनाच्या जुन्या नोंदी, पाळीच्या तारखा, चालू औषधांची यादी, आधीचे अहवाल आणि एखाद्या आठवड्यातील प्रत्यक्ष खाण्याची नोंद सोबत नेल्यास वेळ वाचतो.

कुटुंबाची भूमिका

आहारविकार आईवडिलांच्या चुकीमुळे होतो, याला आधार नाही. आनुवंशिक प्रवृत्ती, स्वभाव, डाएट किंवा आजारपणातून झालेली वजनातील घट, चिडवणे आणि सामाजिक दबाव अशा अनेक घटकांच्या एकत्रित परिणामातून तो उद्भवतो. तथापि, बरे होण्यात कुटुंबाचा वाटा मोठा असतो. ठरलेल्या वेळी एकत्र जेवणे, जेवताना वजन-कॅलरींऐवजी इतर विषयांवर बोलणे, जेवणानंतर काही काळ सोबत बसणे आणि आरडाओरड न करता ठामपणे ताट पुढे ठेवणे यांचा उपयोग होतो. ‘आता चेहरा भरलेला दिसतो’ हे कौतुकाचे वाक्यही रुग्णाला ‘जाड झालीस’ असे ऐकू येते. लग्नकार्यात किंवा सणावारी भेटणाऱ्या नातेवाइकांना अशा शेऱ्यांपासून दूर ठेवण्याचे काम घरच्या मोठ्यांनाच करावे लागते.

मुलीच्या लग्नात अडचण येईल, या धास्तीने आजार लपवला जातो, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ यानुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क कलम २३ मध्ये दिलेला आहे. उपचार घेतले म्हणून ती माहिती डॉक्टरांनी इतरांना सांगावी, असे नाही. उलट उपचार लांबल्यास हाडांची झीज आणि वंध्यत्वासारखे परिणाम ओढवू शकतात.

रुग्ण उपचारांस तयार नसेल तेव्हा

आपण आजारी आहोत, हे न पटणे हा अ‍ॅनोरेक्सियाचाच एक भाग असतो. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा थकवा, थंडी वाजणे, झोप न लागणे, अभ्यासात लक्ष न लागणे अशा रुग्णाला स्वतःला जाणवणाऱ्या त्रासांपासून बोलण्यास सुरुवात करणे हिताचे ठरते. ‘एकदा फक्त तपासणी करू’ इतक्यावरही अनेक जण तयार होतात. व्यक्ती येतच नसेल, तर आईवडील किंवा जोडीदार स्वतः तज्ज्ञाचा सल्ला घेऊ शकतात.

अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालक निर्णय घेतात. त्यांना मानसिक आरोग्य संस्थेत दाखल करावे लागल्यास कलम ८७ नुसार प्रौढांपासून वेगळी व्यवस्था असणे आणि पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती सतत सोबत असणे बंधनकारक आहे. प्रौढ व्यक्ती स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ होऊन जीवाला धोका निर्माण झाला असेल, तर कलम ८९ अन्वये नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून आणि दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. हा अखेरचा मार्ग आहे. विश्वासाने झालेले उपचार अधिक टिकतात.

खर्च आणि विमा

सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात शुल्क नाममात्र असते. मात्र गर्दीमुळे दीर्घ सत्रांसाठी वेळ मिळणे अवघड जाते. खासगी उपचारांत दर आठवड्याच्या सत्रांचा खर्च अनेक महिने चालतो, म्हणून सुरुवातीलाच अंदाज घेणे आणि मनोविकारतज्ज्ञ सरकारी रुग्णालयात व मानसशास्त्रज्ञ खासगी, अशी सांगड घालणे व्यवहार्य ठरते.

मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम २१ विमा कंपन्यांना शारीरिक आजारांच्या धर्तीवरच मानसिक आजारांसाठी विमासंरक्षण देण्यास बांधील करते. हा कायदा २०१८ मध्ये लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना तसे निर्देश दिले. मानसिक आजाराचे कारण देऊन दावा नाकारता येणार नाही, ही भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका प्रकरणात घेतली. तरीही बहुतेक योजनांत रुग्णालयात दाखल झाल्याचाच खर्च मिळतो आणि साप्ताहिक सत्रांचा मिळत नाही. त्यामुळे बाह्यरुग्ण खर्च, प्रतीक्षाकाल आणि वगळलेल्या बाबी यांविषयीची कलमे नीट वाचावीत. दावा नाकारला गेल्यास लेखी कारण मागून प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे आणि नंतर विमा लोकपालांकडे दाद मागता येते.

बरे होण्याचा काळ

आहारविकारातून बरे होण्यास वेळ लागतो आणि मध्येच घसरण होणे असामान्य नाही. अमेरिकेत बॉस्टन येथे अ‍ॅनोरेक्सिया आणि बुलिमिया असलेल्या स्त्रियांचा दोन दशकांहून अधिक काळ पाठपुरावा करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नवव्या वर्षी अ‍ॅनोरेक्सियाच्या सुमारे एक-तृतीयांशच रुग्ण बऱ्या झाल्या होत्या. बाविसाव्या वर्षी मात्र हे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांशांवर गेले. बुलिमियाच्या रुग्णांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक स्त्रिया नवव्या वर्षापर्यंतच बऱ्या झाल्या होत्या. अनेक वर्षांच्या आजारानंतरही आशा सोडण्याचे कारण नाही, हे या आकड्यांवरून दिसते.

वजन पूर्ववत झाल्यावर उपचार लगेच थांबवले, तर आजार उलटण्याची शक्यता वाढते, कारण अन्नाविषयीची भीती त्यानंतरही काही काळ टिकते. परगावी शिक्षण, वसतिगृहातील जेवण, नोकरी, विवाह आणि बाळंतपण या बदलांच्या काळात तज्ज्ञाशी पुन्हा संपर्क साधणे हिताचे असते. गर्भवती स्त्रीने पूर्वीच्या आजाराची माहिती प्रसूतितज्ज्ञास द्यावी.

ज्या घरात आज ही शंका मनात आली आहे, तेथे पुढील काही दिवसांत करण्यासारख्या गोष्टी तीनच आहेत : जवळच्या डॉक्टरांकडे वजन, नाडी, रक्तदाब, हृदयाचा आलेख आणि क्षारांची तपासणी; वैद्यकीय महाविद्यालय, जिल्हा रुग्णालय किंवा टेली-मानसमार्फत मनोविकारतज्ज्ञाची भेट ठरवणे; आणि दिवसातील किमान एक जेवण रुग्णासोबत बसून घेणे. आहारविकारांत पारंगत तज्ज्ञाचा शोध त्यानंतरही चालू ठेवता येतो.